उतरणे सोडून देण्याचे शिक्षण
नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

विमान चालवायला कसे शिकतात हा विषय मराठी वाचकाला बहुधा बारावीनंतरच्या करिअर-मार्गदर्शनाच्या पुरवण्यांत भेटतो, आणि विमानप्रवास कितपत सुरक्षित आहे हा प्रश्न त्याला एखाद्या अपघातानंतरच्या चार-आठ दिवसांत पडतो. या दोन गोष्टी एकमेकींशी किती घट्ट बांधलेल्या आहेत याची चर्चा मात्र फारशी होत नाही. प्रवाशांना पडणाऱ्या बहुतेक शंकांची उत्तरे शिकाऊ वैमानिकाच्या पहिल्या काही महिन्यांच्या अभ्यासातच दडलेली असतात, आणि त्या महिन्यांत त्याला जी वळणे लागतात ती पुढे पावणेदोनशे प्रवासी पाठीशी घेऊन उडतानाही त्याची सोबत सोडत नाहीत. हे पत्र त्यांतल्या एकाच वळणाविषयी आहे : काहीतरी चुकते आहे असे दिसताच ते उच्चारण्याच्या, आणि वेळ आली तर हाती घेतलेले उतरणे सोडून देण्याच्या. हे वळण शिक्षणातच लावणे आणि पुढे नियमांच्या आधारे ते जपणे ही आपल्या कार्यालयाची जबाबदारी आहे, आणि ती आज पुरेशी पार पाडली जात नाही, असे या पत्राचे म्हणणे आहे.

भारतात वयाच्या १६ व्या वर्षी शिकाऊ वैमानिकाचा परवाना मिळू शकतो आणि १८ व्या वर्षी व्यावसायिक परवाना, म्हणजे मोबदला घेऊन विमान चालवण्याची परवानगी. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास उमेदवाराने विमानाचा प्रमुख या नात्याने उडवलेले असावे लागतात, आणि त्यात वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पुरा केलेला ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरांचा एक प्रवास असावा लागतो. जोडीला हवामान, दिशाशोधन, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र यांच्या लेखी परीक्षा असतात. या शिक्षणातला एक मूलभूत धडा ‘स्टॉल’चा असतो. मोटारीचे इंजिन बंद पडण्याशी या स्टॉलचा काही संबंध नाही. पंख ज्या कोनात हवेला सामोरा जातो तो कोन एका मर्यादेपलीकडे वाढला की पंखावरून सरकणारा हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, आणि विमानाला उचलून धरणारा जोर एकदम घटतो, या अवस्थेला स्टॉल म्हणतात. शिक्षक पुरेशी उंची गाठून ही अवस्था मुद्दाम घडवून आणतो आणि विमान खाली जाऊ लागलेले असतानाच नाक आणखी खाली करायला, म्हणजे मनाला जे अगदी नको वाटते तेच करायला, विद्यार्थ्याला शिकवतो. घाबरलेल्या मनाचा कौल आणि योग्य कृती या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे येथे पहिल्यांदा अंगवळणी पडते.

इंजिन बंद पडले तर विमान धाडकन खाली येते का, या प्रवाशांच्या नेहमीच्या शंकेचे उत्तरही याच शिक्षणात आहे. शिक्षक हवेत असताना इंजिन अचानक मंद करतो आणि विद्यार्थ्याला उतरण्याजोगे शेत शोधायला लावतो, कारण इंजिनाविना विमान पडत नाही, ते उंची खर्च करत तरंगत पुढे जाते, आणि ती उंची कशी खर्च करायची याचा हिशेब वैमानिकाने ठेवायचा असतो. मोठ्या विमानांनाही हाच नियम लागू आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅट कंपनीचे एअरबस ए-३३० इंधनगळतीमुळे अटलांटिक महासागरावर दोन्ही इंजिने बंद पडलेल्या अवस्थेत सुमारे १२० किलोमीटर तरंगत गेले आणि अझोर बेटांवर उतरले. विमानातील सर्व ३०६ जण वाचले. एकच इंजिन बंद पडण्याची शक्यता तर आधीच गृहीत धरलेली असते. प्रत्येक उड्डाणाआधी एक निर्णय-वेग काढतात. त्या वेगाच्या आत बिघाड झाला तर धावपट्टीवरच थांबायचे, तो वेग ओलांडल्यावर झाला तर उरलेल्या इंजिनावर वर जायचे आणि मग परतायचे. एका इंजिनावर सुरक्षितपणे चढता येते हे सिद्ध केल्याखेरीज दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला प्रमाणपत्रच मिळत नाही.

हवेतल्या धक्क्यांची भीती सर्वांत जास्त लोकांना वाटते. ज्याला लोक ‘एअर पॉकेट’ म्हणतात तो काही हवेतला रिकामा खड्डा नव्हे; वर किंवा खाली जाणाऱ्या हवेच्या प्रवाहांतून विमान जात असते, इतकेच. विमानाच्या आयुष्यात येऊ शकेल अशा कमाल भाराच्या दीडपट भार पंखांनी पेलला पाहिजे अशी प्रमाणपत्राची अट आहे, त्यामुळे खिडकीतून दिसणारे पंखाचे वाकणे हा त्याच्या रचनेचाच भाग समजावा. धोका असतो तो पट्टा न बांधलेल्या माणसाला. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला तीव्र धक्के बसले तेव्हा एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि कित्येक जण छतावर आपटून जखमी झाले, विमान मात्र बँकॉकला व्यवस्थित उतरले. प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला आणि मग शेजारच्या मुलाला लावावा ही सूचनाही अनेक आईवडिलांना निष्ठुर वाटते. तिचे कारण असे की सुमारे ३५,००० फुटांवर केबिनमधील दाब गेला तर माणूस विचारपूर्वक काही करू शकेल असा काळ अर्ध्या ते एका मिनिटाचा असतो, आणि तेवढ्यात मोठा माणूस बेशुद्ध पडला तर मुलाला मदत करणारे कोणीच उरत नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे उतरणारे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. छोट्या विमानातील पाच जण गेले, परंतु मोठ्या विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडले. त्या वेळी विमानातील ध्वनिक्षेपण यंत्रणा चालत नव्हती, काही दारांबाहेर आग होती, आणि कोणते दार उघडायचे व कोणते बंदच ठेवायचे हे केबिन-कर्मचाऱ्यांना जागच्या जागी ठरवावे लागले. प्रवाशांनी हातातले सामान सोडून त्यांचे ऐकले. उतरताना खिडक्यांचे पडदे उघडे ठेवायला सांगतात ते बाहेरची आग दिसावी म्हणून, आणि रात्री दिवे मंद करतात ते डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. एवढी साधी कारणे प्रवाशाला सांगितली तर सूचना पाळण्यात तो टाळाटाळ करणार नाही. आज सूचना दिल्या जातात, कारणे मात्र क्वचितच सांगितली जातात.

आतापर्यंतचे सारे दिलासा देणारे आहे. मात्र येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे वेगळ्या ठेवायला हव्यात. नियमित वेळापत्रकाने चालणाऱ्या मोठ्या विमानसेवा आणि छोट्या विमानांचे उड्डाण यांची सुरक्षितता एकसारखी नाही. प्रशिक्षणाच्या विमानात यंत्रणा कमी असतात, उंची कमी असते, आणि चालवणारा अजून शिकत असतो. मार्च २०२३ मध्ये गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थिनी दोघेही मृत्युमुखी पडले. अशी बातमी एक दिवस येते आणि विरून जाते. धुळे, गोंदिया यांसारख्या ठिकाणी मुलांना शिकायला पाठवणारे पालक बहुधा फी, वसतिगृह आणि नोकरीची शक्यता यांची चौकशी करतात. त्या संस्थेत गेल्या पाच वर्षांत काय-काय चुकले आणि त्यावर काय केले गेले, हे विचारायला हवे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

महोदय, भारतातील मोठ्या अपघातांचे अहवाल वाचणाऱ्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा अस्वस्थ करते. २२ मे २०१० रोजी मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर झालेल्या अपघातात १५८ जण गेले. विमान नियमाप्रमाणे असायला हवे त्यापेक्षा फार उंचावरून येत होते, आणि सहवैमानिकाने ‘गो-अराऊंड’ करावे असे तीन वेळा सुचवले होते. गो-अराऊंड म्हणजे उतरणे सोडून देऊन इंजिनांचा जोर वाढवून पुन्हा वर जाणे आणि नव्याने प्रयत्न करणे. ही कुठलीही आणीबाणी नसते, ती रोजच्या कामातली एक मान्य कृती आहे. ढगांतून उतरताना धावपट्टीपासून १,००० फूट उंचीवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमानाचा वेग, उतरण्याचा दर आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत नसेल तर ते करणे बंधनकारकच असते. मंगळुरूच्या कॅप्टनने ते केले नाही, आणि विमान ८,००० फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट मागे टाकल्यावर टेकले. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला, भर पावसात आणि मागून वारा असताना, दुसरे एक विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकले आणि पुढच्या उतारावरून खाली गेले. २१ जण गेले. तेथेही सहवैमानिकाने गो-अराऊंड असे म्हटले होते, आणि ते न मानल्यावर त्याने स्वतः नियंत्रण हाती घेतले नाही, याची नोंद अन्वेषण अहवालाने संभाव्य कारणांत केली आहे. विशेष म्हणजे त्याच विमानाने त्या संध्याकाळी पहिल्या प्रयत्नात उतरणे रीतसर सोडून दिले होते, म्हणजे ज्ञान होते, कौशल्य होते. दुसऱ्या खेपेला कमी पडले ते एका माणसाने दुसऱ्याला थांबवणे.

हा दोष केवळ भारतीयांचा आहे असे मानणे चूक ठरेल. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफे बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. परवानगी मिळण्याआधी उड्डाण सुरू करणारा डच कॅप्टन आपल्या कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता, आणि समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर पडले आहे ना, ही फ्लाइट इंजिनिअरने काढलेली शंका झटकून टाकली गेली. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ साली अमेरिकेतील नासा या संस्थेने भरवलेल्या कार्यशाळेपासून वैमानिकांच्या शिक्षणात एक नवी शाखा आली. तिला ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणतात, आणि कॉकपिटमधील प्रत्येकाचे डोळे, कान आणि शंका यांचा वापर करून घेण्याची शिस्त हा तिचा गाभा आहे. मुंबईकरांना याचे मोल वेगळे समजावण्याची गरज नसावी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते. समुद्रावरच्या अंधारात क्षितिज दिसत नव्हते, आणि चुकीच्या उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवले जात राहिले. ढगात किंवा अंधारात माणसाचा अंतर्कर्ण त्याला खोटी दिशा सांगतो, म्हणून वैमानिकाला उपकरणांवर विसंबायला शिकवतात. पण उपकरणच खोटे बोलू लागले तर ते इतर उपकरणांशी ताडून पाहणारा आणि तत्काळ, निःसंदिग्धपणे बोलणारा दुसरा माणूस लागतो.

असा माणूस पंचविसाव्या वर्षी कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात दोन दिवसांत घडत नाही. तो अठराव्या वर्षी, दोन आसनांच्या विमानात, शिक्षकाशेजारी बसून घडतो किंवा बिघडतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत गुरुजींना उलट प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो, आणि तेच मूल फ्लाइंग स्कूलमध्ये येते. त्यात पन्नास लाखांच्या पुढे जाणारा खर्च, त्यासाठी काढलेले कर्ज किंवा विकलेली जमीन, पावसाळ्यात वाया जाणारे आठवडे, विमाने दुरुस्तीत अडकल्यामुळे लांबणारे तास, असा भार त्याच्यावर असतो. अशा विद्यार्थ्याने ‘आजची हवा मला योग्य वाटत नाही’ किंवा ‘सर, आपण जरा उंच आहोत’ असे म्हणायचे तर त्याला वैयक्तिक धैर्यापेक्षा संस्थेचा आधार जास्त लागतो. आधाराशिवाय पेललेल्या अशा भाराखाली कोणत्या वाटा धरल्या जातात हेही देशाने पाहिले आहे. २०११ साली बनावट गुणपत्रकांवर वैमानिकांचे परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली होती.

महासंचालनालयाने २०२५ साली फ्लाइंग स्कूलांना श्रेणी द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था न बसल्याचे लपवले नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. या श्रेणीत एक निकष ठळकपणे यावा अशी विनंती आहे : संस्थेत किती चुका, किती टळलेले अपघात आणि किती सोडून दिलेली उड्डाणे स्वतःहून नोंदवली गेली. हा आकडा कमी असणे गुण म्हणून मोजू नये. शेकडो विद्यार्थी वर्षभर उडत असताना ज्या संस्थेकडून एकही नोंद येत नाही, त्या संस्थेची तपासणी आधी व्हावी, कारण तेथे चुका होत नाहीत यापेक्षा त्या बोलल्या जात नाहीत हीच शक्यता मोठी आहे.

नोंद कोणाकडे करायची हा याहून कळीचा प्रश्न आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक विमान उतरण्याच्या सूचनेचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे डोंगरावर आदळले आणि ९२ जण गेले. चौकशीत असे दिसले की, साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, इतरांपर्यंत मात्र ते पोहोचलेच नाही. त्यानंतर १९७६ पासून अमेरिकेत गोपनीय नोंदींची एक व्यवस्था सुरू झाली, आणि ती चालवण्याचे काम परवाने देणाऱ्या व दंड करणाऱ्या नियामकाकडे न देता नासाकडे दिले गेले. नोंद करणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते, अनवधानाने झालेल्या चुकीसाठी शिक्षेतून मर्यादित संरक्षण मिळते, आणि त्यातून निघालेले धडे सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. आजवर तेथे लाखो नोंदी आल्या आहेत. ब्रिटनमध्येही १९८० च्या दशकापासून अशी स्वतंत्र व्यवस्था आहे. भारतात ऐच्छिक नोंदींची सोय आहे, पण ज्याच्या हाती परवाना रद्द करण्याची लेखणी त्याच्याचकडे आपली चूक लिहून पाठवायची, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. ही व्यवस्था महासंचालनालयाबाहेरच्या एखाद्या शास्त्रीय संस्थेकडे सोपवावी, शिकाऊ वैमानिकांना, तंत्रज्ञांना आणि केबिन-कर्मचाऱ्यांना ती खुली असावी, आणि मराठीत किंवा अन्य भारतीय भाषेत लिहिलेली नोंदही तेथे स्वीकारली जावी. रेडिओवर ठराविक दर्जाचे इंग्रजी आवश्यकच आहे, आणि आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतात. परंतु आपल्या हातून काय चुकले हे सांगताना माणसाला त्याच्या भाषेत नेमके सांगता आले पाहिजे.

बोलण्याचा हा अधिकार थकव्याच्या प्रश्नात सर्वांत जास्त पणाला लागतो. मंगळुरूच्या कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात होता, आणि झोपेतून उठल्यानंतरच्या गुंगीचा अहवालाने गंभीरपणे विचार केला होता. त्या पार्श्वभूमीवर महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या कामात करता येणारी उतरणी सहांवरून दोनवर आणली, हा निर्णय योग्य होता. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांचे अतोनात हाल झाले, आणि त्या कंपनीला रात्रीच्या कामासंबंधीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली. प्रवाशांची अडचण खरी होती. तरीही ज्या नियमाची तयारी करायला पुरेसा अवधी दिला गेला होता, तो नियम तयारी न झाल्यामुळे शिथिल होतो, असे दिसल्यावर ‘आज माझी झोप झालेली नाही, मी उडणार नाही’ असे म्हणणाऱ्या तरुण वैमानिकाने कोणाच्या भरवशावर बोलायचे, हा प्रश्न उरतो. अशी सूट यापुढे द्यावीच लागली, तर तिच्या काळात त्या कंपनीच्या वैमानिकांनी थकव्याच्या किती नोंदी केल्या आणि त्यांपैकी किती मान्य झाल्या, हे दर महिन्याला जाहीर करणे बंधनकारक करावे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या अपघातात विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जण गेले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालाने इंजिनांकडे जाणारे इंधन बंद करणारे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेल्याचे नोंदवले, कारण मात्र सांगितले नव्हते. पण तेवढ्या नोंदीच्या आधारे मृत वैमानिकांवर ठपका ठेवणारी चर्चा महाराष्ट्रातही घरोघरी रंगली. अपघाताचे अन्वेषण दोष ठरवण्यासाठी नसते, पुढचा अपघात टाळणे एवढाच त्याचा हेतू असतो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या १३ व्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेले तत्त्व सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेलेच नाही. अन्वेषण विभाग आपल्या अखत्यारीत नाही, तो २०१२ पासून वेगळा आहे, हे खरे. परंतु प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक अहवालाचा चार पानी, सोप्या भाषेतला सारांश मराठीसह प्रमुख भारतीय भाषांत काढून तो प्रत्येक फ्लाइंग स्कूलच्या वर्गात वाचून घेण्याचा आदेश आपले कार्यालय देऊ शकते. सुरुवात प्रशिक्षण विमानांच्या अपघातांपासून करावी. बालाघाटच्या त्या अपघातातून काय शिकायचे हे बिरसीला नव्याने येणाऱ्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात, पहिल्या उड्डाणाच्या आधी, तिला समजेल अशा भाषेत सांगितले जावे, आणि ते सांगताना शिक्षकाने विद्यार्थ्यांचे प्रश्न घ्यावेत.

कळावे.